गोड्या समुद्राचा घोटाळा

एका जंगलात, जिथून समुद्र इतका लांब होता की तिथवर पोहोचेपर्यंत वाऱ्यालासुद्धा आपल्या खारेपणाचा विसर पडे, एक तळं होतं. तळ्याच्या काठी जांभळीचं झाड होतं. त्या झाडाला रोज सकाळी एक वर्तमानपत्र टांगलेलं असे. पाणी प्यायला येणारे सगळे ते वाचत. तळ्यातले मासेही डोकं वर काढून वाचत.

वर्तमानपत्राचं नाव ‘रानडंका’. ते सागाच्या पानांवर निघे. त्याचा संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक आणि टांगणारा एकच होता. एक साळिंदर. सगळे त्याला साळोबा म्हणत.

मुलांनो, साळिंदराच्या अंगावर काटे असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. साळोबा त्यातलाच एक उपटून लेखणी म्हणून वापरी. त्यामुळे प्रत्येक बातमी लिहिण्याआधीच तो दुखावलेला असे.

साळोबा कॉलेजात शिकला होता. तिथे भूगोल आणि वादविवाद यांतून एक विषय निवडायचा होता. त्याने वादविवाद निवडला. भूगोल काय, कधीही वाचता येतो.

तो विकला जाणारा नव्हता. हे तो स्वतःच सांगे, आणि रोज सांगे. एका कोल्ह्याने एकदा दिवाळीला त्याच्याकडे रताळी पाठवली. साळोबाने ती परत केली आणि परत केल्याची बातमी पहिल्या पानावर चालवली. कोल्ह्याने बिचाऱ्याने ती शेजारी म्हणून पाठवली होती.

शिवाय साळोबाचा एक रिवाज होता. त्याने काही छापलं आणि पुढे काही घडलं, की दुसऱ्या दिवशी जाड चौकट येई: ‘रानडंका’च्या वृत्ताची दखल! पावसाळा जवळ आल्याचं छापलं आणि पावसाळा आला, तरी चौकट येई.

तर एके दिवशी जंगलात दवंडी पिटली गेली.

दवंडी पिटत होता तरस. त्याचं नाव हसरे. तो राजाच्या माहिती खात्याचा प्रमुख होता. वाईट बातमीसुद्धा तो हसत सांगे, आणि म्हणूनच त्याला ते खातं मिळालं होतं.

“ऐका हो ऐका! हे वर्ष समुद्रवर्ष! लहानथोर सगळ्यांनी जगातले समुद्र पाठ करावेत हो!”

घडलं होतं ते असं. जंगलाचे राजे वाघोजी परमुलखातल्या राजांच्या बैठकीला गेले होते. तिथे कोणीतरी सहज विचारलं, “आपल्याकडे समुद्र कोणता?” वाघोजींना उत्तर देता आलं नाही. ते घरी आले ते तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच हरणावर भागवलं. मग राणीसाहेबांनी आपल्या भावाला बोलावून घेतलं.

राणीसाहेबांचा भाऊ बिबट्या होता. वाघिणीचा भाऊ बिबट्या कसा, असं विचारू नका, मुलांनो. मोठ्या घरात मेहुणे होतात.

बिबट्याला काम मिळालं समुद्र बांधण्याचं. टेकडीच्या पायथ्याशी, तळ्याच्या वरच्या अंगाला, एक खोलगट जागा होती. ती भरायला पाणी हवं होतं. टेकडीवरून एक ओढा खाली तळ्यात येई. बिबट्याने ओढ्याला बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या समुद्राकडे वळवलं.

साळोबाच्या हाती सरकारी पत्रक आलं. ते वाचून त्याचे काटे उभे राहिले.

“समुद्र? या राज्याला समुद्रातलं काय कळतं? आता मीच सांगतो लोकांना समुद्र म्हणजे काय ते!”

त्याने लगेच लेखमाला जाहीर केली. ‘जगातले समुद्र: सत्य आणि थापा’. समुद्र त्याने पाहिला नव्हता. पण थापा भरपूर पाहिल्या होत्या.

त्याच संध्याकाळी तो तळ्यावर पाणी प्यायला गेला. पाणी काठापासून थोडं मागे सरलं होतं. तो चिखलात दोन पावलं पुढे गेला आणि पिऊ लागला.

“साळोबा भाऊजी,” पाण्यातून हाक आली.

मरळ होती ती. काळसर, लांबट, दणकट मासळी. तिच्याभोवती तिच्या पिल्लांचा लालसर पुंजका फिरत होता. मरळ आपल्या पिल्लांना सोडून कुठे जात नाही. जाणार तरी कुठे म्हणा.

“बोला, मरळवहिनी.”

“ओढ्याचं पाणी यायचं बंद झालंय हो. वर बांध घातलाय मेहुण्यांनी. तळं असंच आटत गेलं तर माझी पोरं उन्हाळा बघायची नाहीत. तुम्ही तेवढी एक ओळ छापा.”

“हं.”

“राजेसाहेब सकाळी उठून आधी ‘रानडंका’ मागवतात म्हणे. वाचतील. बांधाला एवढंसं भोक पाडायला सांगतील. तेवढं पुरे आहे आम्हाला.”

साळोबाने मिशा पुसल्या. “वहिनी, मला कळतंय. पण हे पडलं स्थानिक.”

“म्हणजे?”

“म्हणजे पान चार. पान चारवर सध्या वधूवर आहेत. लग्नसराई आहे ना. शिवाय नियम असा की दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी लावायची नाही. म्हणजे बिबट्यासाहेबांची.”

“मग घ्या की.”

“ते भेटत नाहीत.”

“मग?”

“मग बातमी थांबते.”

मरळीने पिल्लांभोवती एक फेरी घातली. मग म्हणाली, “भाऊजी, आत्ता तुम्ही प्यायलात ते पाणी कुठलं?”

“हे? हे स्थानिक,” साळोबा म्हणाला आणि लेखमाला लिहायला गेला.

आता लेखमालेला माहिती हवी. साळोबाला एक खबऱ्या सापडला. म्हातारा कुरव. समुद्रावरचा पांढरा पक्षी. दरसाल थंडीत लांबून यायचा तो, या वर्षी वाट चुकून जंगलात उतरला होता. त्याला बोलायला कोणी नव्हतं. साळोबाला ऐकायला कोणी हवं होतं. दोघे जांभळीखाली बसले.

“भूमध्य समुद्रापासून सुरू करू,” कुरव म्हणाला. “सगळ्या बाजूंनी जमीन. एका टोकाला अरुंद तोंड, तिथून महासागरात जायचं. दुसऱ्या टोकाला माणसांनी कालवा खणला, तिथून तांबड्या समुद्रात उतरायचं. अर्ध्या जगाचा माल त्या वाटेने जातो. कालव्यात एक जहाज आडवं झालं तर दहा देशांच्या दुकानांत खडखडाट.”

“तांबडा समुद्र तांबडा आहे?”

“नाही रे. निळाच.”

साळोबाने काटा फुलवला. “म्हणजे जनतेची फसवणूक! आणि काळा समुद्र?”

“तोही काळा नाही. पण खाली खोलवर त्याच्या पाण्यात प्राणवायू नाही. तिथे मासा जगत नाही.”

“ते राहू दे. काळा नाही, एवढं पुरे.”

दुसऱ्या दिवशी मथळा झळकला: तांबडा तांबडा नाही, काळा काळा नाही! समुद्रांच्या रंगांमागे कोणाचा हात?

जंगलात खळबळ उडाली. माकडांनी दोन दिवस त्यावर वाद घातला. मग साळोबाने कॅस्पियन घेतला. तो समुद्र की सरोवर? कुरव म्हणाला, “भोवतीच्या देशांनासुद्धा ते बरीच वर्षं ठरवता येत नव्हतं. समुद्र म्हटला तर तळाचं तेल एका रीतीने वाटायचं, सरोवर म्हटलं तर दुसऱ्या.” साळोबाने दोन्ही बाजू छापल्या आणि खाली लिहिलं, “वाचकांनीच ठरवावं.” रानडुकरांचे दोन गट पडले. एक समुद्रवादी, एक सरोवरवादी. एकाचा सुळा मोडला. ‘रानडंका’च्या वृत्ताची दखल!

मुलांनो, अरबी समुद्राची पाळी आली तेव्हा कुरव जरा हळवा झाला. “ह्याला मात्र नमस्कार कर, बाबा. तुमच्याकडे जो पाऊस पडतो, त्याची वाफ वारे ह्याच्यावरून उचलून आणतात. हा नसता तर तुमचं जंगल नसतं, ओढा नसता, तळं नसतं.”

“ह्यात वाद काय आहे?” साळोबाने विचारलं.

“वाद काहीच नाही.”

“मग हा शेवटी घेऊ. जागा उरली तर.”

जागा उरली नाही.

तळ्यातलं पाणी आणखी मागे सरलं. साळोबाला आता बराच चिखल तुडवावा लागे. वाचकही कमी दिसू लागले. पाणी नाही म्हणून जनावरं टेकडीपलीकडच्या नदीवर जाऊ लागली होती. साळोबाला वाटलं, वाचकांची अभिरुची ढासळली. त्याने त्यावर अग्रलेख लिहिला.

मग कुरवाने अरल समुद्राची गोष्ट सांगितली.

“होता तो समुद्र. आत कोंडलेला, पण नावाने समुद्रच. दोन नद्या येऊन त्याला भरायच्या. कोळ्यांची गावं होती काठावर. मग वर कापूस पिकवायचा ठरला आणि नद्यांचं पाणी शेतांकडे वळवलं. समुद्र मागे सरला. कोळी म्हणाले, येईल परत. तो आणखी मागे सरला. मी त्यावरून उडत गेलो तेव्हा जहाजं वाळूत उभी होती. त्यांच्या सावलीत उंट बसले होते.”

साळोबाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्याने एकदम दोन काटे उपटले. असा लेख त्याने आयुष्यात लिहिला नव्हता. शेवटचा परिच्छेद तर अंगार होता: “समुद्र एका दिवसात आटत नाही! तो पावलापावलाने मागे सरत असताना तिथले पत्रकार काय करत होते? त्यांच्या लेखण्या कोणी विकत घेतल्या होत्या? इतिहास त्यांना क्षमा करणार नाही!”

सकाळी तो पान टांगायला गेला. मरळ काठाशी आली. आता काठ म्हणजे तळ्याचा मध्यच राहिला होता. तिथूनच तिने मान वर करून वाचलं.

“भाऊजी, फार सुंदर लिहिलंत.”

“मनापासून लिहिलंय, वहिनी.”

“तिथल्या पत्रकारांना चांगलं सोलून काढलंत.”

“सोडणारच नाही!”

“त्यांना कोणी मरळ भेटली नसेल का हो? सांगणारी?”

“भेटली असेल, वहिनी,” साळोबा कडवटपणे म्हणाला. “पण काही लोकांची कातडीच निबर असते.”

मरळ पिल्लं घेऊन खाली गेली. खाली म्हणजे फार खाली नाही.

मग बिबट्याचा समुद्र तयार झाला. उद्‌घाटनाला सगळं जंगल लोटलं. दोन हत्ती पाण्यात बसवले होते. ते आळीपाळीने उठत आणि बसत, त्यामुळे लाटा येत. वाघोजीराजे काठावर उभे राहून फेसाकडे पाहत होते. इतके खूश ते लग्नातही दिसले नव्हते.

साळोबा गर्दीतून वाट काढत पाण्याशी गेला. त्याने वाकून एक घोट घेतला.

पाणी गोड होतं.

मुलांनो, त्या क्षणी साळोबाच्या अंगावरचा काटा न् काटा ताठ झाला. शेजारचा ससा जखमी झाला. घोटाळा! जन्मभर ज्याची वाट पाहिली तो घोटाळा जिभेवर येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी आठ कॉलमी मथळा: समुद्रातलं मीठ कोणी खाल्लं?

तिसऱ्या दिवशी: गोडा समुद्र, कडू सत्य!

चौथ्या दिवशी: मीठ मिळेपर्यंत माघार नाही!

कुरव उडत आला. “अरे साळोबा, समुद्र खारट असलाच पाहिजे असं थोडंच आहे? उत्तरेकडचा बाल्टिक घे. इतक्या नद्या त्यात येतात की पाणी जेमतेम खारवट लागतं.”

साळोबाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “माहिती खात्याने पाठवलं का तुला?”

कुरवाने पंख झटकले आणि तो पश्चिमेकडे उडून गेला. ‘रानडंका’त चौकट आली: सरकारी हस्तकाचं पलायन.

मरळही बोलली. ह्या वेळी तिचा आवाज चढला होता.

“भाऊजी, हात जोडते. आम्हाला हात नाहीत, पण जोडते. तो विषय सोडा.”

“का म्हणून?”

“ते पाणी आमचं आहे. आज ना उद्या ह्यांची हौस फिटेल आणि ते खाली येईल. मी पोरांना रोज तेच सांगतेय, येईल म्हणून. त्यात मीठ नका हो घालायला लावू.”

“वहिनी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“आणि माझी पोरं?”

“त्यांच्यासाठीच तर लढतोय! उद्या तुमची पोरं मोठी झाली की विचारतील, काका, खोटा समुद्र बांधला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“ते विचारायला ती मोठी व्हायला हवीत, भाऊजी.”

पण साळोबा निघाला होता. त्याला माहिती खात्यातून बोलावणं आलं होतं.

हसरे आपल्या गुहेत घामाघूम होऊन बसला होता. मिठाचे मथळे हे निमित्त, खरी विचारणा बांधाबद्दल होणार, ह्या धास्तीने त्याला चार रात्री हसू आलं नव्हतं. ओढा कोणाच्या हुकमाने वळवला, तळ्याचं काय, ह्याची उत्तरं त्याने घोकून ठेवली होती. ती कमी पडली तर म्हणून पाठीमागे एक अख्खं मधाचं पोळं झाकून ठेवलं होतं.

“विचारा, साळोबा,” तो म्हणाला. “काय ते एकदाच विचारा.”

“एकच प्रश्न. मीठ कुठे आहे?”

हसरेने कान टवकारले. “मीठ?”

“मीठ!”

“आणि... बांधाबद्दल काही?”

“विषय बदलू नका!” साळोबा गरजला. “तुमच्या असल्या क्लृप्त्या मी ओळखून आहे. बांधाचं नाव काढून मिठाचा प्रश्न टाळता येणार नाही!”

हसरे हसला. चार रात्रींनंतर पहिल्यांदा, आणि ह्या खात्यात आल्यापासून पहिल्यांदाच पोटातून हसला. “हरलो आम्ही. सरकार झुकलं. तुमच्यासारखा निर्भीड पत्रकार असल्यावर आमचं काय चालणार?”

मधाचं पोळं त्याने संध्याकाळी घरी नेलं. मुलांनी आवडीने खाल्लं.

राजाज्ञा सुटली. जंगलात जागोजागी खारी माती होती. हरणं आणि गवे ती चाटायला जात. ती सगळी खणून बिबट्याच्या समुद्रात ओतली. रानडुकरं कामाला लावली, समुद्रवादी आणि सरोवरवादी दोन्ही. ओतता ओतता पाणी असं झालं की हत्तींनी उठायला-बसायला नकार दिला. त्यांच्या डोळ्यांना झोंबत होतं.

साळोबाने वाकून घोट घेतला. थूः थूः करत तो नाचला. त्या दिवशीची चौकट पानभर होती: ‘रानडंका’च्या वृत्ताची ऐतिहासिक दखल! अखेर समुद्र खारट!

वाघोजीराजांनी त्याचा सत्कार केला. साळोबाने शाल नाकारली. काट्यांमुळे ती तशीही पांघरता आली नसती. पण नाकारल्याची बातमी छान झाली.

समुद्रवर्ष पुरतं संपलंसुद्धा नाही. राजांच्या पुढच्या बैठकीत वाघोजींना कोणीतरी विचारलं, “आपल्याकडे पर्वत कोणता?”

ते तोंड पाडून परतले. हसरेने दवंडी पिटली. “हे वर्ष पर्वतवर्ष हो!” बिबट्याला पर्वत बांधायला ती खोलगट जागा भरून काढायची होती. त्याने बांध फोडला. समुद्राचं सगळं पाणी ओढ्याच्या वाटेने खळाळत खाली निघालं.

साळोबाला ओढ्याचा आवाज आला. तो पळत सुटला. पाण्याच्या पुढे पळत तो तळ्यावर पोहोचला.

तळ्याचं आता डबकं झालं होतं. मरळ तोंड वर काढून हवा घेत होती. मरळ जातीची मासळी थोडी हवेवर जगते. पिल्लं तिच्या अंगाला चिकटून होती. सगळी होती. एकही तिने गमावलं नव्हतं. कसं, ते तिलाच ठाऊक.

“वहिनी!” साळोबा ओरडला. “पाणी आलं! तुमचं पाणी आलं! मी म्हटलं नव्हतं, लढणारा पत्रकार असला की पाणी येतंच?”

“आलं?” मरळ म्हणाली. “खरंच आलं का हो?” आणि पिल्लांकडे वळून म्हणाली, “बघा रे. म्हटलं होतं ना.”

पिल्लं वर आली. पाणी येताना बघायला सगळी एकदम वर आली.

पाणी आलं. चिखल बुडाला, डबकं बुडालं, जांभळीच्या मुळ्या बुडाल्या. तळं पुन्हा काठोकाठ भरलं. सुरेख दिसत होतं. बराच वेळ त्यावर काही हललं नाही.

मग लाल पुंजका वर आला. पुंजक्यासारखा नाही, विखरून आला. तो तरंगत राहिला. त्या पाण्यात काहीच बुडत नव्हतं.

मरळ सगळ्यांत शेवटी आली. एकदाच. तिने साळोबाकडे पाहिलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “चाखून बघा. बरोबर झालंय का मीठ?”

आणि ती पालथी झाली.

साळोबा तिथेच काठावर बसला. खूप वेळ बसला. मग त्याने काटा उपटला. त्या दिवशी त्याला तो उपटताना दुखलं नाही. त्याने तळ्यावर पहिली बातमी लिहिली. पान एक, आठ कॉलम: आपल्या जंगलात मृत समुद्र! जबाबदार कोण?

बातमी जहाल होती. कोणाचीही भीड ठेवलेली नव्हती. त्यात दोषींची नावंच्या नावं होती. राजे वाघोजी. मेहुणा बिबट्या. तरस हसरे. खारी माती वाहणारी डुकरं. लाटा करणारे हत्ती. वेळेवर उडून गेलेला कुरव. एक नाव तेवढं राहिलं. जागा संपली होती.

साळोबाने पान जांभळीला टांगलं आणि वाचकांची वाट पाहत बसला.

तात्पर्य: मुलांनो, पत्रकाराने निर्भीड असावं आणि नेहमी दूरच्या समुद्रांवर लिहावं. समुद्र खुलासा पाठवत नाही, अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही, आणि त्याला कोणी मेहुणा नसतो. घराजवळच्या तळ्यावर लिहायचंच झालं, तर आधी ते मरू द्यावं. मेलेलं तळं पहिल्या पानावर जातं. जिवंत तळ्याला तिथे जागा नसते.